लोणारच्या काठावर एका मुलीनं विचारलं: चंद्रावरचे खड्डे कधी पडले, ते कुणी पाहिलं?

फळा-खडू (जिंतूर तालुका, परभणी)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. मागच्या महिन्यात वर्गातली ३४ लेकरं घेऊन लोणारला जाऊन आलो. जिल्हा बदलतो, विभागही बदलतो, पण आमच्यासाठी लोणार शेजारचंच. भल्या पहाटे निघालो. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ऊन तापायच्या आत काठावर उभे होतो. खाली हिरवट पाणी, भोवती झाडी, आणि सुमारे अठराशे मीटर रुंदीचा तो गोल. एरवी गलका करणारी पोरं दोन मिनिटं एकदम गप्प झाली.

उतरताना कड्याचा एक उघडा भाग लागतो. तिथं आमची एक मुलगी थांबली. तिच्या वडिलांचा विहिरीचं ब्लास्टिंग करायचा ट्रॅक्टर आहे. होल मारायचे, तोटे भरायचे, सुरुंग उडवायचा, हे सगळं तिनं चालायला लागल्यापासून पाहिलंय. ती मला म्हणाली, "सर, आमच्याकडं विहिरीत पाषाणाचे थर आडवे असतेत. भाकरीवर भाकरी ठेवल्यावानी. इथं तर काठाकडं वर उचलल्यात. कामून?"

मी वीस वर्षांत पाच वेळा लोणारला गेलोय. ते थर मला कधी दिसले नव्हते. तिनं बोट दाखवल्यावर दिसले, आणि मग दिसतच राहिले.

येताना गाडीत तिचा दुसरा प्रश्न. "तुम्ही म्हणता चंद्रावर असे लाखो खड्डे हायेत. मग ते कधी पडले? तिथं तर कुणीच नव्हतं बघायला."

मी तिला शब्द दिलाय की नीट विचारून सांगतो. म्हणून इथं आलो. माझ्या अडचणी अशा. थर वर का उचलतात, ते मला नीट समजावून सांगता यायला हवं. लोणारचं वय वाटाड्यानं ५० हजार वर्षं सांगितलं, मी वाचलेलं ५ लाख ७० हजार. एवढा फरक कसा? आणि चंद्राबद्दल एका ठिकाणी ठाम लिहिलेलं होतं की ३९० कोटी वर्षांपूर्वी त्याच्यावर लघुग्रहांचा मोठा भडिमार झाला, तर दुसऱ्या ठिकाणी म्हटलं होतं की असं काही झालंच नसावं. यातलं लेकरांना काय सांगू?

"शास्त्रज्ञांनी शोधून काढलं" हे उत्तर मी स्वतः शाळेत असताना फार ऐकलं. कसं शोधलं ते कुणी सांगितलं नाही. या मुलीला तसं वाटेला लावायचं नाही मला.

---

काळा_पाषाण (छत्रपती संभाजीनगर)

सर, आधी त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. मी तीस वर्षं महाविद्यालयात भूशास्त्र शिकवलं. लोणारच्या सहलीत काठाचे थर आपणहून पाहणारे विद्यार्थी मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या घरातच आहे. तिला विचारा, सुरुंग उडाल्यावर होलाच्या तोंडाभोवतीचा दगड कुठं जातो? वर आणि बाहेर. लोणारलाही तेच झालं. आकाशातून येणारा धोंडा साधारण सेकंदाला १५ ते २० किलोमीटर वेगानं आदळतो. कुदळीनं खणल्यासारखं ते खणणं नसतं. धोंडा जमिनीत शिरून थांबतो तेव्हा त्याची सगळी ऊर्जा क्षणात मोकळी होते, म्हणजे स्फोटच. म्हणून तो तिरका आला तरी विवर गोल पडतं. अगदी जमिनीला घासून आला तरच लांबट होतं. काठाचे थर स्फोटानं वर उचलले जातात, आणि सगळ्यात वरचे तर पान उलटावं तसे बाहेरच्या बाजूला पालथे पडतात.

लोणार ज्वालामुखीचं तोंड आहे असं बरीच वर्षं मानलं जात होतं. आपला सगळा मुलूखच लाव्ह्याचा, तेव्हा तसं वाटणं साहजिक होतं. सरोवराच्या तळात बोअर घेतले, तिथले दगड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे असे स्फटिक सापडले जे वितळले नव्हते, पण नुसत्या धक्क्यानं आतून काच झाले होते. असा दाब कुठलाच ज्वालामुखी देत नाही. १९७३ साली हे प्रसिद्ध झालं आणि वाद मिटला.

आता वयाचं. दगडातलं पोटॅशियम-४० फार सावकाश झिजतं. निम्मं व्हायला १२५ कोटी वर्षं लागतात. त्यातला काही वाटा आर्गॉन वायू होतो आणि दगडातच अडकून राहतो. दगड वितळला की तो वायू निसटतो आणि घड्याळ परत शून्यावर येतं. आघातात वितळून काच झालेल्या लोणारच्या दगडांतला आर्गॉन मोजला तेव्हा ५ लाख ७० हजार वर्षं आली, दोन्हीकडे सत्तेचाळीस हजारांच्या फरकानं. ५२ हजारांचा आकडा आधीचा, वेगळ्या पद्धतीचा. खड्यांमध्ये साठलेल्या प्रकाशावरून काढलेला. मी स्वतः आर्गॉनचा आकडा धरतो. वाटाड्याला दोष देऊ नका, त्यानं पाठ केलं तेव्हा पुस्तकांत तोच आकडा होता.

आणि लक्षात घ्या, ज्या पाषाणात लोणार पडलं तो पाषाणच सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा आहे. म्हणजे तुमच्या शाळेखालचा, त्या मुलीच्या वडिलांच्या विहिरीतला. पृथ्वीचं वय त्याच्या जवळजवळ सत्तरपट. पहिल्या काळातला पृथ्वीचा पृष्ठभाग राहिलाच नाही. पाऊस, नद्या, लाव्हा, खंडांची सरकासरकी यांनी सगळं पुसलं. साऱ्या पृथ्वीवर मिळून आघाताची विवरं जेमतेम दोनशे ओळखता आलीत. चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही, नदी नाही. तिथं पडलेला खड्डा तिथंच राहतो. आपल्याही अंगणात त्या काळी तेवढंच, किंबहुना जास्तच पडलं असणार, कारण पृथ्वी मोठी आणि तिची ओढ मोठी. आपल्या घरची हरवलेली वही शेजाऱ्याच्या घरी मिळावी, तसा चंद्र आहे.

ही वही वाचायची कशी? पहिली गोष्ट अगदी साधी. एका खड्ड्यावर दुसरा पडला असेल तर वरचा नवा. दुसरी, ज्या जमिनीवर खड्डे दाट ती जुनी, विरळ ती नवी. फुफाट्याच्या रस्त्यावर वळवाचे पहिले थेंब पडतात तेव्हा कसं, नुकताच ट्रॅक्टर गेलेल्या चाकोरीत चारच ठिपके असतात आणि बाजूला पन्नास. चाकोरी नंतरची, हे कुणी न सांगता कळतं. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांत आपण ससा पाहतो, ते या चाकोरीसारखे आहेत. मोठमोठ्या विवरांत नंतर लाव्हा भरला, जुने खड्डे बुजले, आणि कोऱ्या पाटीवर पुन्हा मोजणी सुरू झाली. तो लाव्हा म्हणजे बेसाल्टच. त्या सशाचा आणि मराठवाड्याचा दगड एका जातीचा आहे, हे लेकरांना जरूर सांगा.

पण यातून फक्त आधी-नंतर कळतं. किती वर्षं, ते कळायला दगड हातात यावा लागतो. १९६९ ते १९७२ मध्ये अपोलोच्या सहा उतरणींतून ३८२ किलो दगडमाती आली. जिथून दगड आला तिथले खड्डे मोजायचे, दगडाचं वय प्रयोगशाळेत काढायचं, आणि दोन्हींची सांगड घालायची. म्हणजे एवढे खड्डे तर एवढी वर्षं. मग जिथं कुणी उतरलं नाही तिथलंही वय अंदाजता येतं. २०२० च्या डिसेंबरात चीनच्या चांग-ई ५ यानानं आणलेला बेसाल्ट २०३ कोटी वर्षांचा निघाला. मधल्या काळातला दगड तोवर हातात नव्हता, आणि तो या सांगडीत चपखल बसला. मला त्या बातमीचा फार आनंद झाला होता.

या सगळ्यातून चंद्राच्या बालपणाचं जे चित्र उभं राहतं ते असं: सुरुवातीला मारा प्रचंड, आणि सुमारे ३८० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत तो झपाट्यानं ओसरत गेला. इथवर कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो मध्येच पुन्हा एकदा उसळी आली का, यावर.

अपोलोच्या दगडांत आघातानं वितळलेले तुकडे मोजले तर बऱ्याच तुकड्यांचं वय ३९० कोटी वर्षांच्या आसपास येऊ लागलं. १९७४ साली शास्त्रज्ञांनी म्हटलं, याचा अर्थ तेव्हा अचानक मोठा भडिमार झाला. पुढं कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत हे असंच होतं, मीही असंच शिकवलं. शंका नंतर आली, आणि ती मला पटते. अपोलोच्या सगळ्या जागा चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूला आहेत. त्याच बाजूला इम्ब्रियम नावाचं विवर आहे, सुमारे ११५० किलोमीटर व्यासाचं. नांदेडहून निघालात तर दिल्ली ओलांडून पुढं जाल एवढं. ते साधारण ३९० कोटी वर्षांपूर्वी पडलं, आणि त्यातून उडालेला माल लांब लांब जाऊन पसरला.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मे महिन्यात कुणी जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेकडेनं फिरला, सहा गावांतल्या विहिरी पाहिल्या आणि लिहिलं की मराठवाड्यात उन्हाळ्यात पाणी असतं. विहिरी खऱ्या, पाणी खरं, मोजणी खरी. पण सहाही विहिरींत पाझरलेलं पाणी एकाच कालव्याचं. अपोलोच्या दगडांचं असंच झालं असावं. सहा ठिकाणचे दगड, पण बऱ्याच तुकड्यांचं घड्याळ एकाच इम्ब्रियमनं शून्यावर आणलेलं.

तेव्हा लेकरांना दोन्ही सांगा, आणि विहिरींचं उदाहरणही सांगा. त्यांना समजेल.

---

मंठ्याची_माहेरवाशीण

खूप छान चर्चा. आमचं माहेर मंठ्याचं, लोणारला लहानपणापासून जाणं. एक विचारू का काका? तिथं दगडाजवळ होकायंत्र नेलं की काटा फिरतो, हे मी स्वतः पाहिलंय. उल्केतलं लोखंड जमिनीत आहे म्हणून फिरतो असं सगळे सांगतात. मग ती उल्का अजून खाली असेल ना? आणि चंद्रावरच्या प्रत्येक खड्ड्याखालीही एक-एक असेल?

---

काळा_पाषाण

ताई, काटा फिरतो हे खरं, कारण मात्र वेगळं. आपल्या बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट नावाचं चुंबकी खनिज असतं. तुमच्या मंठ्याच्या शेतातल्या एखाद्या काळ्या दगडाजवळही काटा थोडा हलताना दिसेल, करून बघा.

आणि आदळलेला धोंडा खाली शाबूत नसतो. त्या स्फोटात त्याची बहुतेक वाफ होते, उरलेला वितळून आसपासच्या दगडात मिसळतो. चंद्रावरही तसंच. साधारण हिशेब असा की विवर धोंड्याच्या दहा ते वीस पट रुंद होतं. खड्डा केवढाही दिसला तरी तो पाडणारा त्यामानानं लहान असतो, आणि बहुधा उरलेला नसतो.

एक गोष्ट राहिली होती, ती इथंच सांगतो. १९७२ च्या एप्रिलात अपोलो १६ चे अंतराळवीर जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक डेकार्ट भागात उतरले. तिथल्या टेकड्या ज्वालामुखीच्या असतील असा भूशास्त्रज्ञांचा कयास होता. दोघांना हाती लागले ते काँक्रीटसारखे दगड: फुटके तुकडे, त्यांत आणखी जुने फुटके तुकडे, सगळे आघातानं चेपून जुळलेले. आपल्या लोणारसारखीच गत, फक्त उलट्या क्रमानं. इथं लाव्ह्याच्या मुलखात आघात ओळखायला वेळ लागला. तिथं आघाताच्या मुलखात लाव्हा शोधत होते.

---

परभणीची_दुर्बीण

सर, मी तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. माझ्याकडं सहा इंची दुर्बीण आहे. खड्डे पाहायचे तर पौर्णिमा धरू नका. पौर्णिमेला ऊन सरळ पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. शुद्ध अष्टमी ते दशमी उत्तम. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर काठांच्या सावल्या लांब पडतात आणि खोली कळते.

नवमीला खाली दक्षिणेकडं बघा. तिथं क्लेव्हियस नावाचं विवर आहे, २३० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे परभणी ते अहिल्यानगर जवळजवळ. त्याचा काठ झिजलेला, गोल झालेला. त्याच्या पोटात लहान विवरांची एक कमान आहे, मोठ्याकडून लहानाकडं उतरत जाणारी, बांगडीच्या तुकड्यासारखी. ती सगळी नंतर पडलेली. काकांनी सांगितलं ना, वरचा तो नवा, ते तिथं डोळ्यांनी दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थंडीत पाऊण तास तिथंच होतो, दुसरीकडं वळवलीच नाही.

मग तीच दुर्बीण वर उत्तरेकडं, इम्ब्रियमच्या काळ्या मैदानावर आणा. दक्षिणेला बोट ठेवायला जागा नव्हती, इथं एकेकटे खड्डे, मध्ये रिकामं माळरान. पोरांना दोन्हीकडचे मोजायला लावा. मोजतानाच त्यांना कळेल कुठली जमीन जुनी.

पौर्णिमेला मात्र एक बघण्यासारखं असतं. टायको विवरातून निघालेले पांढरे पट्टे पार चंद्रभर गेलेत. ८५ किलोमीटरचं विवर, वय ११ कोटी वर्षांच्या आसपास मानतात. चंद्राच्या मानानं कालचंच, म्हणून पट्टे अजून उजळ आहेत. कोपर्निकस ८० कोटींचं धरतात, त्याचे पट्टे त्यामानानं मळलेत.

बोलवाल तर मी दुर्बीण घेऊन येतो. पेट्रोलचं बघू नका.

---

फळा-खडू

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस लिहिलं नाही, कारण आम्ही करून पाहत होतो.

व्हरांड्यात चार पराती ओळीनं मांडल्या. घरोघरून चुलीची राख आणली, चाळली, परातीत चार बोटं भरली आणि वर पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर दिला. प्रत्येक परातीला आठ-नऊ पोरं. ज्वारीचे दाणे, हरभरे, गोट्या. स्टुलावर उभं राहून एकेक सोडायचं आणि एकानं वहीत लिहायचं.

पहिली गोटी पडली आणि पांढऱ्या रांगोळीवर करड्या राखेचा फुलोरा उठला. मध्ये खळगा, भोवती उचललेला काठ, आणि काठाबाहेर लांबपर्यंत राखेचे फटकारे. टायकोचे पट्टे मी त्यांना अजून दाखवले नव्हते. एका पोरानं फळ्यावर काढून विचारलं, चंद्रावर असं असतं का? मी मोबाइलवर फोटो उघडून दिला. परातीतून उठून तो फोटोकडं आला, परत परातीकडं गेला, असं त्याचं तीन-चार वेळा झालं.

मग मोजणी. पहिल्या वीस हरभऱ्यांचे वीस खळगे, हिशेब बरोबर. पुढं पुढं गोंधळ सुरू झाला. दोनशे टाकले तरी मोजायला गेलं की निम्मेसुद्धा सापडेनात, आणि अजून टाकले तरी आकडा वाढेना. एक नवा पडला की एक-दोन जुने पुसले जायचे. वही लिहिणारी रडकुंडीला आली, तिला वाटलं तिचंच चुकतंय. मी तिला म्हटलं, तुझं बरोबर आहे. अगदी जुन्या जमिनीवर चंद्र मोजणाऱ्यांचंही असंच होतं, पाटी भरली की त्याआधी किती पडले ते पाटी सांगत नाही.

खरी गंमत यानंतरची. दुसऱ्या परातीच्या एका पोरानं शेतातला मुठीएवढा धोंडा आणून वरून सोडला. राख उडाली ती चारही परातींवर. बाकीच्यांनी ओरडा केला, "आमच्या परातीत तुमची राख कामून टाकली?" त्यांचे बारीक खळगे बुजले, वर करडा थर बसला. आणि ब्लास्टिंगवाल्यांची ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, आता कोणत्याही परातीतून चिमूट उचलली तरी दोन नंबरचीच राख येणार."

काका, तुमची कालव्याची गोष्ट मी दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. सांगावीच लागली नाही. मी नुसतं इम्ब्रियम हे नाव फळ्यावर लिहिलं.

पण मग तिनं पुढचं विचारलं, आणि ते मी तुमच्याकडं आणलंय. "ज्या परातीवर ती राख पडली नाही, तिथली चिमूट आणली तर?"

---

काळा_पाषाण

सर, हे वाचून मी घरात दोन वेळा मोठ्यानं वाचून दाखवलं.

तिला सांगा, अशी चिमूट आली आहे. २०२४ च्या जूनमध्ये चांग-ई ६ यानानं चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून, जी आपल्याला इथून कधीच दिसत नाही, दोन किलोला थोडी कमी माती आणली. पलीकडून आलेली ती पहिलीच. ती जागाही विचारपूर्वक निवडलेली: दक्षिण ध्रुव-एटकेन नावाचं विवर, चंद्रावरचं नक्की माहीत असलेलं सर्वांत मोठं आणि जुनं. व्यास सुमारे २५०० किलोमीटर. कन्याकुमारीपासून चंडीगढपर्यंत धरा. त्या मातीत नंतरच्या लाव्ह्याचे २८० कोटी वर्षांचे तुकडे मिळाले, आणि त्यांच्यासोबत त्या महाविवराच्या आघातात वितळलेले काही बारीक तुकडेही. त्यांचं वय ४२५ कोटी वर्षं, हे २०२५ साली जाहीर झालं.

म्हणजे चंद्र जन्मून वीस-पंचवीस कोटी वर्षं झाली होती तेव्हाच एवढा मोठा तडाखा बसला होता. सगळे मोठे तडाखे ३९० कोटींच्या आसपासच बसले, ही कल्पना यापुढं टिकणं कठीण आहे. मारा आधीपासून चालू होता आणि हळूहळू ओसरत गेला, या बाजूचं पारडं जड झालंय असं माझं मत आहे. मध्ये एखादी लहान उसळी आली असेल तर ती अजून नाकारता येत नाही. पण एका जागेवरून निकाल द्यायचा नाही, हे तुमच्या चार पराती सांगतातच.

आणि आपलं यानही त्या महाविवरापासून फार लांब नाही, फक्त चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूला उतरलंय. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ दक्षिणेला ६९ अंशांजवळ टेकलं, त्या महाविवराच्या काठापासून सुमारे ३५० किलोमीटरवर. त्यातल्या प्रज्ञान नावाच्या गाडीनं शंभरेक मीटर चालत २३ ठिकाणी माती तपासली. सगळीकडं ती जवळजवळ एकसारखी, आणि पांढुरक्या अनॉर्थोसाइट खडकाशी जुळणारी निघाली. दूध तापल्यावर साय वर येते तसं, चंद्र सुरुवातीला वितळलेला असताना हलकी खनिजं वर तरंगून त्याची साल तयार झाली, या विचाराला त्यानं बळ दिलं. त्यात थोडा माल खोलातला असावा, त्याच महाविवरातून उडून आलेला. मोठं विवर म्हणजे चंद्राच्या पोटातला दगड फुकटात वर आणून देणारी विहीर. आपली विहीर खोदताना काळी माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण असा क्रमानं माल बाहेर पडतो आणि ढिगाऱ्यात सगळ्यात वर सगळ्यात खोलचा असतो. हे त्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

---

परभणीची_दुर्बीण

मग येत्या शुद्ध नवमीचं नक्की करू का सर? शाळेची गच्ची चालेल. आसपासचे दिवे तासभर बंद ठेवता आले तर बरं. नसले ठेवता येत तरी चंद्राला फारसा फरक पडत नाही.

---

फळा-खडू

नक्की. सरपंचांशी बोललो, गच्चीची किल्ली माझ्याकडंच आहे. चटया लेकरं आणणार आहेत. मुलींच्या घरच्यांना रात्रीचं म्हणून निरोप देतोय, तेव्हा मोठी माणसंही बरीच येतील.

त्या मुलीचे वडील काल शाळेत आले होते. मुलगी घरी सारखी लोणारचंच बोलायली म्हणाले. मी त्यांना काठाच्या थरांचा फोटो दाखवला. मोबाइल आडवा धरून, उभा धरून, बराच वेळ पाहिला त्यांनी. म्हणाले, "सर, तीस वर्षं पाषाण फोडायलो. असा उचललेला थर कधी पाहिला नाही. चंद्र दाखवा तेव्हा दाखवा, पण आधी मला तिथं न्या. हात लावून बघतो."

रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवर लोणारला चाललोय. मुलगी मध्ये बसणार आहे, तो कडा कुठं आहे ते दाखवायला.